घरातले मुके सोबती : शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे

कुत्रीच्या निर्बीजीकरणाचा विषय निघाला की अनेक घरांत एक युक्तिवाद हटकून ऐकू येतो : थोडे दुखलेलेच बरे, म्हणजे ती उड्या मारणार नाही आणि टाके तुटणार नाहीत. हा युक्तिवाद केवळ घरच्यांचाच आहे असे नव्हे. एके काळी पशुवैद्यकातही तो प्रचलित होता. आज शास्त्राने तो टाकून दिला आहे, आणि ते योग्यच झाले. दुखणारी कुत्री स्वस्थ पडून राहतेच असे नाही. ती रात्रभर जागा बदलीत राहते, जखम चाटते, अन्न नाकारते, आणि याचा परिणाम जखम भरण्यावर होतो. हालचाल आवरायला गळ्यातला पट्टा व साखळी आहे. ते काम वेदनेकडे सोपवण्याचे कारण नाही.

ही शस्त्रक्रिया नित्याची आहे, म्हणून ती किरकोळ ठरत नाही. नराचे वृषण शरीराबाहेर असतात. मादीचे मात्र पोट उघडावे लागते. पोटाच्या मध्यरेषेवर छेद घेऊन दोन्ही बीजकोश व बहुधा गर्भाशयही काढले जाते. बीजकोश आत, मूत्रपिंडाच्या जवळ, एका चिवट बंधाने जखडलेला असतो. तो बंध ताणून बीजकोश वर घेण्याचा क्षण सर्वांत क्लेशकारक होय. कुत्री गाढ भुलेखाली असली तरी त्या वेळी तिच्या हृदयाचे ठोके पुष्कळदा वाढतात.

याचे कारण असे, की भूल आणि वेदनाशमन या दोन भिन्न गोष्टी आहेत. भुलेमुळे जाणीव हरपते. पोटातून निघालेले वेदनेचे संदेश मात्र मज्जारज्जूपर्यंत पोहोचतच राहतात. इजा झाल्यावर मज्जारज्जूच अतिसंवेदनशील बनतो, हे क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रयोगांच्या आधारे दाखवून दिले. मग जखमेच्या आसपासचा साधा स्पर्शही दुखू लागतो आणि त्या अवस्थेत दिलेले औषध पुरे पडत नाही. म्हणून वेदनाशामक छेद घेण्यापूर्वीच दिलेले असावे, असा आजचा दंडक आहे.

एकाच औषधावर विसंबणेही आता मागे पडत चालले आहे. ब्युप्रेनॉर्फिनसारखे अफूवर्गीय औषध, सूज कमी करणारे मेलॉक्सिकॅम आणि छेदाची जागा बधिर करणारे लिग्नोकेन किंवा ब्युपिव्हकेन, अशी तिहेरी योजना केली की प्रत्येकाची मात्रा बेताची ठेवता येते. ब्युटोर्फेनॉलचा प्रभाव कुत्र्यांत दीड-दोन तासांपलीकडे फारसा टिकत नाही. ब्युप्रेनॉर्फिनचा सहा ते आठ तास राहतो. झायलाझीन व केटामीन यांच्या जोडीने वेदना काही काळ शमते खरी, पण कुत्री घरी येईपर्यंत तो अंमल बहुधा ओसरलेला असतो.

तेव्हा दिवस ठरवतानाच पशुवैद्यांना विचारावे : छेदापूर्वी कोणते वेदनाशामक देणार? त्याचा प्रभाव किती वेळ? घरी किती दिवस औषध द्यायचे? यात संकोच मुळीच नको. यकृताचा वा मूत्रपिंडाचा जुना विकार असेल, किंवा प्रेडनिसोलोन चालू असेल, तर तेही आधीच सांगावे, कारण अशा वेळी मेलॉक्सिकॅम घातक ठरू शकते. इंदूरकरांना महू, वडोदरेकरांना आणंद आणि हैदराबादकरांना राजेंद्रनगर येथील पशुवैद्यक महाविद्यालय जवळ आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

घरी आल्यावर लक्ष कशावर ठेवायचे? केवळ रडण्यावर नव्हे. पुष्कळ कुत्र्या मुळीच आवाज करीत नाहीत. उलट भूल उतरताना काही वेळ येणारा केकाटण्याचा आवाज नुसत्या गोंधळलेपणाचाही असतो. वेटोळे करून न निजणे, पाठ कमानीसारखी ठेवणे, उठताना थबकणे, वारंवार पोटाकडे पाहणे, उकाडा नसताना धापा टाकणे, ओळखीच्या हाकेलाही शेपूट न हलवणे, ही खरी लक्षणे होत. ग्लासगो विद्यापीठात तयार झालेल्या वेदनामापन-पट्टीत अशाच गोष्टींना गुण दिलेले आहेत; २४ पैकी ६ गुण भरले की पशुवैद्याने आणखी औषधाचा विचार करावा असे तिथे मानतात.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. घरातल्या औषधांच्या डब्यातील गोळी कुत्रीला कदापि देऊ नये. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्यांच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. (डायक्लोफेनॅकला जनावरांसाठी भारतात २००६ साली बंदी झाली ती गिधाडांच्या संहारामुळे, माणसांसाठी म्हणून ते घरोघरी आहेच.) पॅरासिटामॉलची मात्रा वाढल्यास यकृतास अपाय होतो, आणि मांजराला तर एक गोळीही प्राणघातक ठरू शकते. पशुवैद्यांनी लिहून दिलेले मेलॉक्सिकॅमही पोटात अन्न गेल्यावरच द्यावे. उलटी, काळी विष्ठा किंवा अन्नावरची वासना गेलेली दिसली तर पुढची मात्रा थांबवून दवाखान्यात विचारावे.

पहिल्या रात्री तिला उघड्या फरशीवर निजवू नये. भुलेने शरीर गार पडलेले असते, तेव्हा जुन्या गोधडीची घडी घालावी. जखमेवर हळद, तेल, राख असे काहीही लावू नये. गळ्यात नरसाळ्याच्या आकाराची कॉलर घातली की तिला चाटता येत नाही. घरातल्या मुलांनी दया येऊन ती काढू नये. जिना, पलंगावरची उडी आणि आंघोळ टाके निघेपर्यंत वर्ज्य. ते साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. जखमेतून रक्त वा पू आला, हिरड्या पांढऱ्या पडल्या, किंवा दुसऱ्या दिवशीही ती उठेना, तर टाक्यांच्या तारखेची वाट न पाहता तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.