सही करून मोकळे होणाऱ्यांना

एखाद्या लेखकाला अटक झाली वा एखाद्या पुस्तकावर बंदी आली, की मराठी साहित्यव्यवहारात निषेधाचे पत्रक निघते. सह्या होतात, वृत्तपत्रांत नावे येतात आणि आठवड्याभरात सारे आपापल्या कामाला लागतात. पत्रकाला माझा विरोध नाही. पत्रक म्हणजेच मानवी हक्कांचे काम, या समजुतीला आहे. हे काम ज्या स्वयंसेवी गटांच्या बळावर चालते, त्यांना सहीपेक्षा सातत्य हवे असते. आणि नेमके तेच द्यायला आपण साहित्यवाले तयार नसतो.

इतिहासच पाहावा. आणीबाणीत, १९७६ साली, जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने नागरी स्वातंत्र्य आणि लोकशाही हक्कांसाठी एक संघटना उभी राहिली. तिचे अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश वि. म. तारकुंडे. १९७७ साली सत्तापालट झाला, तुरुंगातली नेतेमंडळी बाहेर आली, त्यांतली काही मंत्री झाली आणि संघटना निपचित पडली. इंदिरा गांधी सत्तेवर परतल्यावर, १९८० साली, ‘पी.यू.सी.एल.’ या नावाने तिची फेरउभारणी करावी लागली. मधल्या काळात तुरुंग काही ओस पडले नव्हते. संभाव्य शिक्षेहूनही अधिक काळ खटल्याविना खितपत पडलेले बिहारमधील कच्चे कैदी सर्वोच्च न्यायालयापुढे आले ते १९७९ सालीच. आपली माणसे सुटली की हक्कांचा प्रश्नही सुटला, हा आपला जुना भ्रम आहे. निषेधाची पत्रके याच भ्रमावर पोसली जातात.

या भ्रमावरचा एक उपाय अ‍ॅम्नेस्टीने सुरुवातीलाच शोधला होता. १९६१ साली पीटर बेनेन्सन यांनी ती चळवळ सुरू केली, तेव्हा प्रत्येक स्थानिक गटाकडे तीन कैद्यांची जबाबदारी असे: एक पाश्चात्त्य देशातला, एक कम्युनिस्ट देशातला आणि एक तिसऱ्या जगातला. निःपक्षपातीपणा सदस्यांच्या सद्भावनेवर न सोडता कामाच्या रचनेतच बसवला गेला. ज्याची मते आपल्याला पटत नाहीत, त्याच्यासाठीही पत्रे लिहायची! आपल्यापैकी किती जणांना हे झेपेल?

‘लेखकाने लिहावे, चळवळ करू नये,’ असा प्रतिवाद होईल. मान्य. पण या गटांत करायचे काय असते? पीडितांचे जबाब टिपणे, पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे काढणे, तारखा पडताळणे, विशेषणे गाळून अहवाल लिहिणे, सभेचे इतिवृत्त ठेवणे. हे लेखनच आहे. संहितेचे सूक्ष्म वाचन शिकवणाऱ्या प्राध्यापकाइतका या कामाला लायक दुसरा कोण? गटांचेही दोष आहेतच. त्यांचे अहवाल बहुधा इंग्रजीत निघतात. ज्या बाईने जबाब दिला तिला आपलेच म्हणणे वाचता येत नाही. पण हा दोष दूर करण्याची जबाबदारी मराठीच्या अभ्यासकांवर नाही, तर कोणावर?

या कंटाळवाण्या कामातून काय निष्पन्न होते, हे विचारणाऱ्यांसाठी एकच दाखला. देशी वा परदेशी देणगीदार संस्थांचा पैसा न घेणाऱ्या याच पी.यू.सी.एल.ने २००१ साली अन्नहक्काची याचिका दाखल केली. त्या याचिकेवर २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला आणि सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलाला शिजवलेले मध्यान्ह भोजन देणे राज्यांवर बंधनकारक झाले. मुलांच्या ताटात अन्न पडले ते सह्यांच्या यादीमुळे नव्हे. कागद जमवणाऱ्या, मसुदे तपासणाऱ्या, तारखेमागून तारखेला हजर राहणाऱ्या माणसांमुळे.

तेव्हा पुढचे पत्रक समोर येईल तेव्हा सही अवश्य करावी. पण ते आणणाऱ्याला एवढेही विचारावे की, तुमच्या गटाची पुढची बैठक केव्हा आहे आणि तिचे इतिवृत्त कोण लिहिणार आहे?