मेंदूंतील पाण्याची चाल

अर्धांगवायूचा झटका कित्येकदां झोपेंतच येतो. घरांतील वडील माणूस रात्रीं नीट बोलून निजतें आणि पहांटे त्याचें तोंड वांकडें, एक हात लुळा व वाचा अडखळती अशी स्थिति आढळते. डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, 'झटका केव्हां आला?' आणि घरच्या मंडळींपाशीं त्याचें उत्तर नसतें. तें उत्तर मेंदूच्या चित्रावरून कसें अजमावतां येतें, हें आम्ही या वेळीं वाचकांपुढें ठेवीत आहों.

या प्रश्नावर बरेंच अवलंबून असतें. रक्तवाहिनींत अडकलेली गुठळी विरघळविणारें औषध साधारणतः साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें. उशीर होईल तसा लाभ घटतो, रक्तस्रावाचें भय मात्र राहतेंच. सी.टी. स्कॅनमध्यें मेंदूंतील रक्तस्राव तत्काळ दिसतो; परंतु गुठळीनें झालेली हानि पहिल्या कांहीं तासांत त्यांत बहुधा स्पष्ट उमटत नाहीं.

येथें एम.आर.आय.चा 'डिफ्यूजन' हा प्रकार कामास येतो. पाण्याचे कण कधींही स्वस्थ नसतात. निरोगी मेंदूंत पेशींमधील फटींतून ते बरेच मोकळे हिंडतात. रक्त थांबलें म्हणजे पेशींना प्राणवायु व साखर मिळेनाशी होते. क्षार बाहेर लोटणारी त्यांची यंत्रणा बंद पडते. क्षारामागोमाग पाणी आंत शिरून पेशी फुगतात व फटी अरुंद होतात. जत्रेंतल्या गर्दीच्या बोळांत माणसाची जी गत, तीच मग पाण्याची. ही मंदावलेली चाल चित्रांत पांढरी चमकते. १९९० सालीं मायकेल मोझली व त्यांचे सहकारी यांनीं मांजरांवरील प्रयोगांत हा फरक तासाच्या आंत दाखविला. तेव्हां साध्या एम.आर.आय.मध्यें कांहींच दिसत नव्हतें. जुनी इजाही केव्हां केव्हां अशीच चमकते, म्हणून जोडीला 'ए.डी.सी.' नकाशा पाहतात. ताजी इजा त्यांत काळी दिसते.

आतां घड्याळाची गोष्ट. 'फ्लेअर' नांवाच्या दुसऱ्या चित्रांत तीच इजा उमटावयास कांहीं तास लागतात. यास्तव डिफ्यूजनमध्यें इजा दिसते पण फ्लेअरमध्यें दिसत नाहीं, तर झटका बहुधा साडेचार तासांच्या आंतला, असें अनुमान निघतें. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'वेक-अप' या युरोपांतील चांचणींत, वेळ अज्ञात असलेल्या अशा रोग्यांस औषध दिलें असतां अधिक जण चांगले सुधारले. मात्र मेंदूंतील रक्तस्रावाचें प्रमाणही कांहींसें वाढलें.

तथापि चित्र सर्वज्ञ नव्हे. मेंदूच्या देठांतील लहान झटका प्रारंभीं त्यांतून निसटूं शकतो. म्हणून डॉक्टरांची तपासणी मुख्य. झटक्याची वेळ ठाऊक असेल तर पुष्कळदां सी.टी. पाहूनच उपचार सुरू करितात, एम.आर.आय.साठीं अडून बसूं नये.

आमचें सांगणें इतकेंच, कीं थोरला मुलगा गांवाहून येईपर्यंत थांबणें, तेल चोळणें, तोंडांत पाणी वा औषध घालणें हें सर्व टाळावें. रोगी शेवटचा धडधाकट केव्हां व कोणीं पाहिला तें कागदावर टिपावें, शरीरांत पेसमेकर वा धातूचा तुकडा असल्यास सांगावें, आणि अशा उपचाराची सोय असलेलें इस्पितळ तत्काळ गांठावें. असें इस्पितळ आपल्या गांवापासून किती दूर आहे, याची चौकशी घरच्या कर्त्या मंडळींनीं आजच करून ठेवावी.