दालनाची किल्ली कोणाच्या कमरेला?

गावाकडून पाहुणे आले की आम्हां जयपूरवासी महाराष्ट्रीयांचा एक नेम ठरलेला असतो. सकाळी आमेर, दुपारी जयगड, सायंकाळी नाहरगडाच्या तटावरून दिव्यांनी उजळलेले शहर, आणि वेळ उरलाच तर १८८७ साली लोकांस खुला झालेला अल्बर्ट हॉल. मानसिंग, मिर्झा राजे जयसिंग, सवाई जयसिंग ही नावे आम्हांला मुखोद्गत झाली आहेत. मिर्झा राजे तर १६६५ च्या पुरंदरच्या तहामुळे शाळेच्या बाकावरच आम्हांस भेटले होते. परंतु कछवाहे येथे येण्यापूर्वी या आमेरचे धनी कोण होते, हे पाहुण्यांनी कधी विचारले नाही, वाटाड्याने कधी सांगितले नाही, आणि लाजेची गोष्ट अशी की, वर्षानुवर्षे येथे नोकरी करूनही तो प्रश्न आम्हांलाही सुचला नाही.

धनी होते मीणा. खोह, माच, आमेर ही ठाणी त्यांची. दिवाळीच्या दिवशी निःशस्त्र होऊन स्नानास उतरलेल्या मीणांवर कछवाह्यांनी घाला घालून खोह घेतल्याची कथा कर्नल टॉडने आपल्या ग्रंथात दिली आहे. नव्या राजाच्या कपाळी मीणाच्या पायाच्या अंगठ्याच्या रक्ताचा टिळा लागे, हेही त्यानेच लिहून ठेवले आहे. ज्यांच्या रक्ताच्या टिळ्यावाचून गादी पुरी होत नसे, त्यांचे पुढे काय झाले? इंग्रजांनी १८७१ साली काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा कायदा केला. जयपूर संस्थानाने १९३० साली आपला स्वतःचा 'जरायम पेशा' कायदा करून मीणांना पोलीसठाण्याच्या हजेरीला जुंपले. चोऱ्या होऊ नयेत म्हणून गावोगावची चौकीदारी ज्यांच्यावर सोपविली, त्यांनाच चोर म्हणून रोज ठाण्यात उभे करावयाचे, असा हा न्याय! २८ ऑक्टोबर १९४६ रोजी बागावास येथे चौकीदार मीणांनी आपण होऊन त्या चाकरीचे राजीनामे दिले. कायद्याचा कलंक पुसला गेला तो १९५२ साली.

हा सारा इतिहास जयपुरात कोठे पाहावयास मिळतो? राजवाड्यांत राजांच्या तलवारी व अंगरखे आहेत. बागावासचे राजीनामे, हजेरीचे जाच, मीणा स्त्रिया शेणामातीने सारवलेल्या भिंतींवर खडूने काढतात ते मोर आणि वासरांना पाजणाऱ्या गाई, यांच्यासाठी मीणांनी स्वतः उभारलेले, स्वतः चालविलेले एखादे दालन या राजधानीत का नसावे? तसे ते व्हावे, आणि त्याची किल्ली त्यांच्याच कमरेला असावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

यावर तीन आक्षेप आम्ही कचेरीत चहाच्या वेळी ऐकले. पहिला असा की, आदिवासींची सरकारी संग्रहालये आहेतच. उदयपुरास आहे, अन्यत्र आहेत. आहेत खरी, आणि त्यांचे उपकारही आहेत. परंतु आम्ही कारकून मंडळी एक गोष्ट पक्की जाणतो: ज्याच्या हाती टिपणी, त्याच्या हाती निम्मा निर्णय. वस्तूखाली चिठ्ठी कोण लिहितो, यावर ती वस्तू 'कुतूहल' ठरते की 'वारसा', हे अवलंबून असते.

दुसरा आक्षेप कुजबुजीत येतो: "मीणांना आता काय कमी आहे? निम्मे साहेब तेच." ही कुजबुज आम्हांला अत्यंत हीन वाटते. खुर्ची मिळाली म्हणजे आठवण मिळाली असे नव्हे. जो मीणा अधिकारी आज आमच्या फायलींवर सही करतो, त्याच्या आजोबांची ठाण्यातली हजेरी त्या सहीने पुसली जात नाही.

तिसरा आक्षेप फुटीचा: प्रत्येक जमात आपले दालन मागेल, आणि भांडणे होतील. २०२१ साली येथल्याच आमागडावर ध्वजावरून वाद पेटला, त्याचा दाखला दिला जातो. आमच्या मते तो दाखला उलटा आहे. जिथे इतिहास सांगण्यास जागा नसते, तिथेच तो झेंड्याच्या काठीवर चढतो.

आणि आपण महाराष्ट्रीयांनी तरी राजस्थानला शहाणपण शिकवावे काय? आपल्या घरांतले पडदे, पेले, लग्नपत्रिका वारली चित्रांनी भरून गेल्या आहेत. त्यांतले किती पैसे डहाणू-तलासरीच्या पाड्यांत पोहोचतात? भास्कर कुलकर्णी यांनी सत्तरीच्या दशकात वारल्यांच्या भिंतींवरील कला बाहेर आणली, जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, हे योग्यच झाले. तथापि लग्नाचा चौक लिहिणाऱ्या वारली सवाष्णींची नावे आपणांपैकी कोण सांगेल? साहित्यात मात्र आपण एक धडा घेतला आहे. 'उपरा' आणि 'उचल्या' आल्यावर, ज्याचे दुःख त्यानेच सांगितले म्हणजे काय घडते, ते मराठी वाचकाला कळले. शब्दांत जे कळले ते चित्रांत व वस्तूंत का कळू नये? ऑस्ट्रेलियात पापुन्याच्या आदिवासी चित्रकारांनी १९७२ साली स्वतःच्या मालकीची कंपनी काढली आणि आपली चित्रे आपल्या नावाने जगापुढे ठेवली. अशक्य असे यात काहीच नाही.

परप्रांती आल्यावर आपण पहिले काम काय करतो? महाराष्ट्र मंडळ काढतो, गणपती बसवितो, आणि हे मासिक चालवितो. कारण आपले आपण न सांगितल्यास या गर्दीत आपण दिसेनासे होऊ, हे भय आपल्या मनात असते. आपण तर बदलीवर आलेले. बदली झाली की परत जाणारे. मीणा मात्र स्वतःच्याच भूमीत दिसेनासे झाले. त्यांची व्यथा आपल्याखेरीज अधिक कोणाला कळावी?

म्हणून आमची आपल्या मंडळांना विनंती आहे. पुढच्या उत्सवात मांडणा काढण्यास एखाद्या मीणा भगिनीस बोलवाल, तर तिचे नाव फलकावर लिहा आणि मोबदला चोख द्या. पाहुण्यांना आमेर दाखविताना मीणांचे नाव प्रथम घ्या. आणि असे दालन उद्या उघडलेच, तर तेथे पहिल्या रांगेच्या खुर्चीसाठी नव्हे, तिकीट काढून जा, आणि ते सांगतील ते उभे राहून ऐका.