एकट्यांच्या पंगती

मुंबईतलं कुठलंही जुनं हॉटेल घ्या, त्याच्या मुळाशी घरापासून लांब राहणारा एक भुकेला माणूस सापडतो. उडुपीकडून आलेला स्वयंपाकी, इराणातल्या याझ्दहून आलेला बेकरीवाला, काळबादेवीच्या पेढीवर राबणारा कच्छी गुमास्ता, संगमेश्वरातून आलेला गिरणी कामगार. बायको-मुलं गावाला, इथे एका खोलीत दहा-बारा जण, चुलीचा पत्ता नाही. त्याच्या पोटाची सोय कुणीतरी, बहुधा त्याच्याच मुलखातल्या माणसानं केली आणि त्या सोयीचं पुढे हॉटेल झालं. म्हणून या शहरात जेवायला बाहेर पडताना मी आधी विचार करते, की हे ताट मुळात कुणासाठी वाढलं गेलं होतं, आणि तो माणूस अजून इथे जेवायला येतो का? येत असेल तर खुशाल बसावं. त्या ठिकाणचं जेवण सहसा बिघडत नाही. आईच्या हातची चव ठाऊक असलेलं गिऱ्हाईक रोज समोर बसत असलं, तर स्वयंपाक्याला ढिलाई करून चालत नाही.

माटुंग्यात हे अजून डोळ्यांनी पाहता येतं. १८९६ च्या प्लेगनं मुंबई हादरली, १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि गर्दीच्या शहराला मोकळी हवा मिळावी म्हणून दादर-माटुंग्याच्या वस्त्या आखल्या गेल्या. रेल्वेत, बँकांत, सरकारी कचेऱ्यांत टंकलेखन आणि हिशेब करायला आलेली दक्षिणेकडची मंडळी इथे स्थिरावली. त्यांच्या मागोमाग उडुपीकडचे स्वयंपाकी आले. कॅफे म्हैसूर १९३६ चं, राम आश्रय १९३९ चं, कॅफे मद्रास १९४० चं. आणि १९४२ साली ए. रामा नायक यांनी माटुंगा स्टेशनसमोर श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू केलं. नायक लहान वयात मुंबईत आले होते आणि दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांत राबून मोठे झाले होते. 'बोर्डिंग' या पाटीत त्या काळाची सगळी गरज मावलेली आहे. नोकरी लागलेली, बिऱ्हाड नाही, आणि जेवायला तर रोज लागतं.

जिना चढून वर जायचं, कूपन घ्यायचं, ठरावीक ताट हवं की पानावरचं पोटभर जेवण ते तिथेच सांगायचं, आणि नंबर येईपर्यंत थांबायचं. मी नेहमी पान घेते. केळीच्या पानावर पाणी शिंपडून ते हातानं निपटलं की वाढपी सुरू होतात. दोन भाज्या, पापड, पुऱ्या, मग भात, त्यावर सांबार, मग रसम, शेवटी दही किंवा ताक. आपली मराठी माणसं सांबारातच अडकतात आणि रसमची बादली येईपर्यंत पोट भरलेलं असतं. तसं करू नका. सांबार बेतानं घ्या. रसम आलं की भाताचं आळं करून त्यात ओतून घ्या, आणि उरलेलं वाटीत घेऊन पिऊन टाका. मिरी, चिंच, कोथिंबीर आणि फोडणीचा हिंग एका घोटात कळतात. शेजारी बसलेले आजोबा काय करतात ते पाहावं. ते पानाच्या कोणत्या कोपऱ्यात काय ठेवतात, भात किती वेळा घेतात, ताक कधी मागतात. जेवणाचं पुस्तक असं समोर उघडं असताना फोनवर कुणाचं तरी मत वाचत बसण्यात अर्थ नाही.

माझे आजोबा परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. लग्नानंतरही पुष्कळ वर्षं ते एकटेच राहिले. आजी गावाला. त्यांचं जेवण खानावळीत. खानावळ म्हणजे पाटी लावलेलं हॉटेल नव्हे, चाळीतलीच एखादी बाई आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत पंधरा-वीस 'मेंबरां'ना दोन वेळ जेवू घालायची. महिन्याचे पैसे पगाराच्या दिवशी. गावाला गेलं तर आधी सांगायचं, म्हणजे वहीत खाडा मांडला जाई आणि तेवढे पैसे वळते होत. रविवारी फीस्ट, म्हणजे मटण नाहीतर कोंबडी. पाळीप्रमाणे मेंबर जेवून जात आणि ती बाई पहाटे चारपासून रात्री अकरापर्यंत स्टोव्हपाशी. आजोबा म्हणायचे, "मुंबईत मला दोघांनी उभं केलं, एक गिरणीत कामाला लावणारा जॉबर आणि दुसरी खानावळवाली मावशी." ती मावशी नात्यातली नव्हती, पण गावची होती, आणि आजारी पडलं तर पेज करून द्यायची.

अशा हजारो बायांच्या हातावर गिरणगाव जगलं. त्या किराणा उधारीवर आणत, सावकाराचं व्याज भरत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभं केलं आणि या खानावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. गोवा मुक्तिसंग्रामातून आलेली ही बाई कामगार चळवळीत असताना तिला दिसलं, की संपाच्या दिवसांत मेंबराचा पगार थांबतो पण मावशी त्याचं ताट थांबवत नाही. मुंबईच्या हॉटेलांचा इतिहास लिहिताना लोक इराणी हॉटेलांच्या संगमरवरी टेबलांपासून सुरुवात करतात. मला वाटतं, पहिलं पान या बायांचं असायला हवं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पुढे गिरण्या एकेक करून संपल्या. मेंबर गावी परतले. त्या वह्यांमधली किती उधारी तशीच राहिली असेल, ते कुणी मोजलेलं नाही.

आज फिनिक्स आणि कमला मिलच्या आवारांत झगमगीत रेस्तराँ आहेत. मीही तिथे जेवते, काही ठिकाणचं जेवण खरोखर उत्तम असतं. पण जवळ्याची सुकी चटणी, कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी मला तिथल्या एकाही मेनूवर सापडलेली नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. ते जेवायचं तर दादर-लालबागच्या मालवणी खानावळींत जावं लागतं. जावंच. दुपारी जावं, कारण तेव्हा तिथे आसपासच्या दुकानांत आणि ऑफिसांत काम करणारा नेहमीचा माणूस जेवत असतो आणि सुरमईपेक्षा बांगड्याची थाळी जास्त खपते. बांगडा ताजा आहे की नाही, हे त्याला पहिल्या घासाला कळतं.

खानावळीची एक बाजू सांगितली पाहिजे. तिथे आपलाच माणूस जेवायचा. गावाप्रमाणे खानावळी वेगळ्या, जातीप्रमाणेही वेगळ्या. हॉटेलांवर 'ब्राह्मण', 'हिंदू' अशा पाट्या सर्रास असत. कुणी कुणाच्या पंगतीला बसायचं हा प्रश्न किती जहरी होता, ते पुण्यानं १८९० साली पाहिलं. पंचहौदच्या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा पुढे आला, टिळक-रानड्यांसारखी मंडळी तिथे हजर होती, नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आली, आणि ग्रामण्य-प्रायश्चित्ताचा वाद पुढे कितीतरी दिवस पेटत राहिला. एक कप चहा! त्यानंतर अवघ्या चौदा वर्षांनी, १९०४ मध्ये, मुंबईत धोबीतलावला कयानी हे इराणी हॉटेल उघडलं. पैसे टाकील त्याला चहा, रिकामी असेल ती खुर्ची. कारकून, हमाल, कॉलेजचा पोरगा, टांगेवाला सगळे तिथेच चहा पीत होते. इराण्यांनी हे सुधारणा म्हणून केलं नाही, धंदा म्हणून केलं. ते या जातिव्यवस्थेच्या बाहेरून आले होते, त्यांना गिऱ्हाईक हवं होतं. पण परक्या माणसासमोर बसून खाण्याची सवय मुंबईला लागली ती इराण्याकडे, आणि ही सवय मला या शहराची सगळ्यात मोठी कमाई वाटते.

त्यातले थोडेच इराणी आता उरलेत. ग्रँट रोड स्टेशनजवळचं बी. मेरवान १९१४ चं, तिथला मावा केक सकाळीच गाठावा लागे. बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ चं. भोवती सगळी ऑफिसं, त्यामुळे फक्त दुपारचं जेवण. बेरी पुलावातल्या आंबटगोड लाल बेऱ्या इराणच्या. बोमन कोहिनूर नव्वदी उलटल्यावरही टेबलाटेबलापाशी येऊन ऑर्डर घेत, काय खावं ते सांगत. २०१९ मध्ये ते गेले. पुलाव अजून चांगला आहे.

काळबादेवीत गल्लीच्या आत १९४५ पासून ठाकर भोजनालय आहे, पेढ्यांवरच्या एकट्या गुजराती-मारवाडी माणसांच्या 'क्लबां'च्या परंपरेतलं. तिथे जायचं तर आदल्या रात्री कमी जेवा. चेंबूर कॅम्पात फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, म्हणून तिथे सकाळी दाल-पकवान मिळतं. सायन कोळीवाड्यातल्या छावणीत पंजाबी आले, आणि कोळंबीला बेसन-ओवा लावून तळलेला जो पदार्थ आज देशभर 'कोळीवाडा' म्हणून मागवला जातो, तो त्यांच्या कढईतला. आमच्या कोळणी कोळंबी अशी करत नाहीत.

भेंडीबाजाराबद्दल माझं ठाम मत आहे, की रमजानच्या गर्दीत तिथे पहिल्यांदा जाऊ नये. त्या दिवसांत अर्धी मुंबई तिथे फोटो काढत असते. एरवीच्या एखाद्या सकाळी जा. निहारी ही मुळात सकाळचीच. रात्रभर मंद आचेवर नळी शिजत ठेवायची आणि उजाडताना हमालीला, गोदीला, कारखान्याला निघालेल्या माणसानं पावाबरोबर ती खाऊन जायचं, म्हणजे दुपारपर्यंत भुकेची आठवण नको. बारा हंड्यांतून वेगवेगळे तुकडे आणि रस्से एकत्र वाढणाऱ्या 'बारा हंडी'मागेही हेच गणित. १९२३ पासून चालणाऱ्या नूर मोहम्मदीच्या भिंतीवर एम. एफ. हुसेन यांचं चित्र आहे. ते पाहाच. पण आधी नळी ताटावर आपटून आतला मगज काढा, गार झाला तर चव गेली.

आता ज्यांची मुंबई मुळातली, त्यांचं काय? पाठारे प्रभू, ईस्ट इंडियन, कोळी. त्यांची हॉटेलं शोधायला निघालात तर हाती फारसं लागणार नाही. कारण उघड आहे, त्यांची घरं इथेच होती, चूल पेटलेली होती, बाहेर जेवण्याची वेळच आली नाही. पाठारे प्रभूंचं भुजणं आणि कोलंबीच्या भानोळ्या, ईस्ट इंडियनांचा बाटली मसाला आणि फुगियास, हे सगळं घरात राहिलं. लक्ष्मीबाई धुरंधरांनी १९१० साली 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' लिहून ठेवलं म्हणून त्यातलं पुष्कळसं कागदावर तरी आहे. आता या समाजांतल्या काही जणी घरून ऑर्डर घेतात, वर्सोव्याच्या कोळणी महोत्सवात चुली मांडतात. कुणी ओळखीचं असेल तर लाज न बाळगता विचारा, आगाऊ सांगा आणि व्यवस्थित पैसे द्या. फुकट आग्रहाच्या जेवणावर एखादी पाकपरंपरा टिकत नाही.

जुनी हॉटेलं स्वस्त का राहिली, हेही समजून घ्यायला हवं. बरीचशी पागडीच्या जागेत आहेत. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या नावातच हॉटेलं आणि लॉजिंग हाऊस होती. भाडं जवळजवळ गोठलेलं, म्हणून ताटाची किंमत कामगाराला परवडणारी. इमारत पुनर्विकासाला गेली की हा हिशेब कोसळतो. नव्या टॉवरखालच्या गाळ्यात तेच रसम तिप्पट दरानं द्यावं लागेल, आणि मग रोज येणारे आजोबा येणार नाहीत. भेंडीबाजारात साडेसोळा एकरांचा पुनर्विकास चालू आहे. तिथल्या लोकांना चांगली घरं मिळायलाच हवीत, जीर्ण इमारतींत जीव मुठीत धरून कुणी का राहावं? पण योजना आखताना जुन्या खानावळींनाही परवडेल अशा भाड्याचे गाळे राखून ठेवता येतात. त्याला पैशापेक्षा इच्छा जास्त लागते.

जुन्या हॉटेलांच्या जागी काय येतं ते आपण सगळेच पाहतो. दोनशे पदार्थांचं मेनूकार्ड, त्यात पंजाबी, चायनीज, पावभाजी, पिझ्झा, आणि कुठलीही भाजी मागवली तरी तीच लाल ग्रेव्ही. हे जेवण कुणासाठीच केलेलं नसतं. घरातल्या प्रत्येकाला काहीतरी मिळेल म्हणून आपण तिथे जातो आणि कुणालाच काही आठवणीत राहील असं मिळत नाही. मुलांना महिन्यातून एकदा तरी अशा जागी न्या, जिथे मेनू लहान आहे आणि शेजारच्या टेबलावरची भाषा त्यांना येत नाही.

अशा जागा आजही नव्यानं उघडताहेत. कलिना-वाकोल्याच्या बाजूला ईशान्य भारतातून आलेली मुलंमुली राहतात, विमान कंपन्यांत, ब्यूटी पार्लरांत, हॉटेलांत काम करतात, चौघी-पाचजणी मिळून एक खोली घेतात. त्यांच्यासाठी तिथे छोटी स्वयंपाकघरं चालतात. बांबूच्या कोंबातलं डुकराचं मटण, आंबवलेल्या सोयाबीनची आखुनी, भूत जोलोकियाची चटणी, आणि भात. मी गेले तेव्हा वाढणाऱ्या मुलीनं विचारलं, "आँटी, हमारे जैसा तीखा चलेगा?" मी चलेगा म्हटलं. आखुनीचा वास पहिल्यांदा दचकवतो, आपल्या सुक्या बोंबलाचा दुसऱ्याला दचकवतो तसाच, आणि तिसऱ्या घासाला भात पुन्हा मागावासा वाटतो. शनिवारी रात्री जा, कामावरून सुटलेली सगळी पोरं तेव्हा असतात. टेबलं थोडी आहेत, कुणाच्या तरी शेजारी बसावं लागेल.