भरतीच्या दिवसाची साक्ष

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा हिंदुस्थानी सैन्य दोन लाखांच्या आसपास होते. ते संपले तेव्हा पंचवीस लाखांच्या घरात पोचले होते. त्यातला एकही हिंदी शिपाई कायद्याच्या सक्तीने भरती झालेला नव्हता. जगातले सर्वांत मोठे स्वयंसेवी सैन्य म्हणून त्याचा गौरव होतो आणि कायद्यापुरता तो खराही आहे. ब्रिटनने स्वतःच्या तरुणांवर १९१६ मध्ये आणि पुन्हा १९३९ मध्ये सक्तीची भरती लादली. हिंदुस्थानात मात्र तसा कायदा १९१७ मध्ये झाला तो फक्त इथे राहणाऱ्या युरोपीय ब्रिटिशांसाठी. पण शिपाई पलटणीत का गेला, हे कायद्याच्या पुस्तकातून कळत नाही. ते गेलेला माणूसच सांगू शकतो. माजी सैनिक भेटले की आपण त्यांना लढाईबद्दल भरभरून विचारतो, आणि भरतीच्या दिवसाबद्दल एक प्रश्नही विचारत नाही. यामुळे युद्धाच्या इतिहासाची पहिली पानेच कोरी राहिली आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

विचारले की काय हाती लागते, ते पंजाबने दाखवून दिले आहे. पहिल्या महायुद्धातल्या लढाऊ शिपायांपैकी जवळपास निम्मे एकट्या पंजाबातून गेले. तिथले लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओड्वायर यांना या आकड्याचा मोठा अभिमान होता. जालियनवाला बागेनंतर काँग्रेसने चौकशी समिती नेमली. तिच्यात गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकरही होते. समितीने सतराशेहून अधिक लोकांचे जबाब तपासले आणि १९२० मध्ये साडेसहाशेच्या आसपास प्रसिद्ध केले. चौकशी मुख्यतः गोळीबार आणि लष्करी कायद्याची होती. पण लोक बोलू लागले तेव्हा भरतीबद्दलही बोलले. गावावर माणसांचा आकडा बसवला जाई. तो भरला नाही तर लंबरदाराच्या, म्हणजे तिथल्या पाटलाच्या, मानावर आणि शेतकऱ्याच्या पाण्यावर गदा येई. शाहपूर जिल्ह्यात तर या जुलमापायी एका तहसीलदाराचा खूनच झाला. सरकारी तक्त्यांत हे सारे शिपाई राजीखुशीने आलेले. युद्ध संपल्यावर दोन वर्षांच्या आत कोणीतरी वही घेऊन गावोगाव बसले, म्हणून तक्त्याबाहेरची गोष्ट टिकली.

आपल्याकडे अशी वही कोणी उघडली नाही. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ जोडले गेले आणि स्मारकही उभे राहिले. मेसोपोटेमियातल्या कूटच्या वेढ्यात १९१६ च्या एप्रिलमध्ये शरण जावे लागलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये तीन मराठा पलटणी होत्या. हे मरण, ही कैद नोंदलेली आहे. पण त्या ४६ जणांना भरतीला कोणी नेले, सुट्टीवर आलेल्या हवालदार मामाने की पाटलाने, घरात आधीच किती तोंडे होती, त्या साली पाऊस झाला होता का, हे नोंदलेले नाही. कोरडवाहू साताऱ्यात आणि खडकाळ कोकणात तरण्या पोराला बाहेरच्या वाटा मोजक्याच होत्या: मुंबईची गिरणी, पोलीस, नाहीतर पलटण. यांतली कोणती वाट कोणाच्या वाट्याला आली, ती ओढीने की निरुपायाने, हे कुटुंबागणिक बदलत असणार. दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या शिध्यावर काही महिन्यांत नव्या रंगरूटांची वजने वाढत होती, हे लष्करी डॉक्टरांनीच पाहिले. भरतीच्या रांगेत उभे राहण्याआधी ही पोरे काय खात होती, हे या एका निरीक्षणातून जेवढे कळते तेवढे भरतीच्या पोस्टरांवरून कधीच कळणार नाही.

मात्र यावरून सगळी भरती म्हणजे वेष पालटलेली सक्ती, असा निष्कर्ष कोणी काढला तर तोही मला मान्य नाही. महार समाजाचा इतिहास त्याच्या आड उभा राहतो. इंग्रजांच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केलेल्या या समाजाला १८९० नंतरच्या काही वर्षांत भरतीचे दार बंद झाले. लढाऊ जातींचा सिद्धांत साहेबांच्या डोक्यात बसला होता. या समाजातल्या गोपाळबाबा वलंगकरांनी, पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी ते दार उघडावे म्हणून अर्ज केले. १९१७ मध्ये युद्धाच्या गरजेपोटी महारांची पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षणविषयक सल्लागार मंडळावर होते. ते स्वतः सुभेदाराचे चिरंजीव. पलटण म्हणजे पगार, पेन्शन, छावणीतली शाळा आणि गावकीच्या जाचातून सुटका, हे त्यांच्या घरानेच अनुभवले होते. इथे अन्याय भरती करण्यात नव्हता, भरती नाकारण्यात होता. त्या वर्षी छातीला फीत लावून घेणाऱ्या महार तरुणाच्या आणि शेजारच्याच गावातल्या, कर्जापायी आलेल्या कुणबी पोराच्या मनात एकच गोष्ट असणे शक्य नाही. सरकारी नोंदीत मात्र दोघांचीही उंची, छाती, जात, गाव आणि अंगठा एवढेच येते.

यावर इतिहासाचे अभ्यासक म्हणतील की म्हातारपणीच्या आठवणी भरवशाच्या नसतात. साठ वर्षे सांगून सांगून त्यांना पॉलिश चढलेले असते. आक्षेप रास्त आहे. पण भरतीची कागदपत्रे तरी कुठे निर्मळ आहेत? वय वाढवून सांगितलेली पोरे त्यांत सज्ञान म्हणून नोंदली गेली आहेत. माणूस तारखा विसरतो, युनिटचे क्रमांक चुकवतो, स्वतःचा पराक्रम फुगवतोही. पण घरातून पळून गेलो की बापाने पोचवले, हे सहसा विसरत नाही. एका गावचे दहा जण स्वतंत्रपणे एकाच भरती हवालदाराचे, एकाच दुष्काळाचे नाव घेतात तेव्हा ती नुसती आठवण उरत नाही, पुरावा होतो.

दुसरा आक्षेप अधिक भावनेचा आहे: पोटासाठी गेले म्हटले की त्यांचे शौर्य उणे होते. मला हे मुळीच पटत नाही. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतले जवळपास सारे जवान मशीनगनच्या माऱ्याखाली पडले. घाडगे एकटे त्या मोर्च्यावर धावून गेले. हातबॉम्बने मशीनगन निकामी केली, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला उसंत नव्हती म्हणून बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवले, आणि मग शत्रूच्या नेमबाजांच्या गोळीला बळी पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले हे कोकणचे पोर पलटणीत कशासाठी गेले होते, यावर त्या काही मिनिटांची किंमत ठरत नाही. उलट, शिपाई केवळ देशासाठी किंवा केवळ राजासाठीच गेला पाहिजे, असा आग्रह धरून आपणच त्याला घर, भूक आणि भाऊबंद नसलेला पुतळा करून टाकतो.

दुसऱ्या महायुद्धातली पिढी आता जवळजवळ संपली. १९४५ मध्ये अठराव्या वर्षी भरती झालेला माणूस आज शंभरीला टेकला असेल. पण १९६२ च्या पराभवानंतर, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, सैन्य सव्वाआठ लाखांपर्यंत वाढवायचे ठरले. त्या लाटेत गेलेले, आणि १९६५ व १९७१ च्या लढायांच्या तोंडावर भरती झालेले जवान आपल्या गावांत अजून आहेत. सत्तरी, ऐंशी ओलांडून, पेन्शनच्या रांगेत उभे. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी मुलांना मोबाइल घेऊन त्यांच्याकडे पाठवावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी गावनिहाय माहिती देऊन त्यांना मदत करावी. आणि ज्यांच्या घरातच असे आजोबा आहेत त्यांनी यातल्या कोणाचीही वाट पाहू नये. लढाईचे नंतर विचारा. आधी विचारा की भरतीला कोणाबरोबर गेलात, घरी काय सांगून गेलात, आणि पहिली मनीऑर्डर कोणाच्या नावे केलीत. ते बोलतील तसे, त्यांच्याच बोलीत, या दिवाळीच्या आत टिपून ठेवा.