प्रशासक पुन्हा चालणार नाही

सत्तेवर बसलेल्या आणि बसू पाहणाऱ्या सर्व पक्षांना हा जाहीर इशारा आहे. महापालिकांची मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या. शहरं पुन्हा प्रशासकाच्या हवाली केलीत, तर त्याची किंमत आम्ही मतदार तुमच्याकडून वसूल करू.

छत्रपती संभाजीनगर, नवी मुंबई, कोल्हापूर, कल्याण-डोंबिवली या महापालिकांची मुदत 2020 सालीच संपली होती. मुंबईची 7 मार्च 2022 ला संपली, पुण्याचीही त्याच महिन्यात. मतदान झालं थेट 15 जानेवारी 2026 ला. संभाजीनगरात नगरसेवकांची एक अख्खी मुदत प्रशासकाच्या कारभारात गेली. 2020 साली करोना होता, हे मान्य. पण करोना गेला तरी प्रशासक हलले नाहीत. मुदत संपायच्या आत निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे, असं राज्यघटनेचं 243-यू कलम 1993 पासून सांगतंय. प्रभागरचना किंवा मतदारयादीची सबब चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली अहमदाबाद महापालिकेच्या खटल्यात बजावून ठेवलं होतं. तरीही 6 मे 2025 ला न्यायालयालाच चार महिन्यांत निवडणुका घ्या असा आदेश द्यावा लागला, आणि पुढे तीही मुदत वाढवून घेतली गेली.

या काळात काय झालं, ते आमच्या गल्लीत येऊन विचारा. पावसाळ्यात ड्रेनेज तुंबलं आणि घाण पाणी तळमजल्यावरच्या एका आजींच्या स्वयंपाकघरात शिरलं. तांदळाचा डबा पाटावर, पाट स्टुलावर, आणि आजी दारात झाडू घेऊन उभ्या. मी अर्ज लिहिला, पालिकेच्या कार्यालयात नेला, आवक-जावकच्या टेबलावर शिक्का मारून घेतला. "साहेब व्हिजिटला गेलेत," असं सांगितलं गेलं. पुढच्या आठवड्यात साहेब मीटिंगला होते. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा साहेबांची बदली झाली होती. पूर्वी आजी नगरसेवकाच्या घरी जाऊन त्याला चार शब्द सुनवायच्या. तो वैतागायचा, पण माणसं पाठवायचा, कारण मतासाठी पुन्हा त्याच दारात यायचं होतं. आता त्याच्या संपर्क कार्यालयाच्या पाटीवर 'माजी' रंगवलेलं होतं. आजींनी मला विचारलं, "मग आता ओरडायचं कुणावर?" माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

मुंबईचं 2025-26 चं अंदाजपत्रक 74,427 कोटींचं, म्हणजे गोवा राज्याच्या अर्थसंकल्पाच्या दुपटीहून मोठं. ते प्रशासकाने मांडलं आणि प्रशासकानेच मंजूर केलं. सभागृहात उठून एक प्रश्न विचारायला एकही निवडून आलेला माणूस नव्हता. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेत होते तेव्हा ते सरकारनियुक्त सभासद होते. तरी व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर हजार रुपये उधळायचा ठराव आला तेव्हा एकटे फुले विरोधात उभे राहिले. इंग्रजांच्या राज्यात, सरकारने नेमलेल्या सभेत, हजार रुपयांसाठी 'नाही' म्हणणारा एक माणूस होता. स्वतंत्र महाराष्ट्रात हजारो कोटींना 'नाही' म्हणायची जागाच जवळपास चार वर्षं रिकामी ठेवली गेली. याची लाज वाटायला हवी.

निवडणूक लांबवायला ओबीसी आरक्षणाचं कारण आम्हाला पुन्हा सांगू नका. आरक्षण हवंच, ते हक्काचं आहे. पण त्यासाठी समर्पित आयोग नेमून माहिती गोळा करा, हे न्यायालयाने मार्च 2021 मध्येच सांगितलं होतं. वेळेत काम केलं असतं तर ओबीसींचं प्रतिनिधित्वही लांबलं नसतं. त्याऐवजी एका सरकारने मुंबईच्या जागा 227 वरून 236 केल्या, दुसऱ्याने येऊन पुन्हा 227 केल्या. दोन्ही सरकारं तुमचीच होती. तेव्हा एकमेकांकडे बोट दाखवू नका.

मुदतीशी खेळणाऱ्यांचं काय होतं, ते या देशाने पाहिलं आहे. 1971 साली निवडलेल्या लोकसभेची पाच वर्षं मार्च 1976 मध्ये भरली. आणीबाणी चालू होती. सरकारने संसदेतल्या बहुमताच्या जोरावर लोकसभेची मुदत एका वर्षाने वाढवली, आणि त्याच वर्षी आणखी एकदा वाढवली. मूळचे पुण्याचे मधु लिमये तेव्हा खासदार होते आणि मध्य प्रदेशात तुरुंगात होते. लोकांनी दिलेली वर्षं संपली, यापुढे खासदार म्हणवून घ्यायचा अधिकार मला नाही, या भूमिकेतून त्यांनी तुरुंगातूनच राजीनामा दिला. शरद यादवांनीही दिला. बाकीचे बहुतेक खुर्चीला चिकटून राहिले. मार्च 1977 मध्ये लोकांना मत द्यायची संधी मिळाली तेव्हा 352 जागांचा काँग्रेस पक्ष 154 वर आला आणि खुद्द पंतप्रधान रायबरेलीत पडल्या. लोक गप्प आहेत म्हणजे त्यांना चालतंय, हा हिशेब तेव्हाही चुकला होता.

आमची मागणी स्पष्ट आहे. प्रशासकांच्या काळात कोणत्या प्रभागात किती खर्च झाला आणि कोणती कंत्राटं कुणाला दिली, याची श्वेतपत्रिका प्रत्येक महापालिकेने येत्या 1 मे पर्यंत सभागृहात ठेवावी. नव्या नगरसेवकांनी क्षेत्रसभा, म्हणजे आपल्या भागातल्या मतदारांच्या सभा, घ्याव्यात. कायद्यात ती तरतूद 2009 पासून आहे, आणि आमच्या भागात आजवर एकही झालेली नाही. आणि पुढच्या निवडणुकीची प्रभागरचना, आरक्षण, मतदारयादी हे सगळं मुदत संपायच्या किमान सहा महिने आधी पूर्ण हवं. त्यानंतर न्यायालयात धावाधाव आणि तारखांवर तारखा आम्ही खपवून घेणार नाही.

1 मे पर्यंत श्वेतपत्रिका आली नाही, तर 2 मे च्या सकाळी आमच्या गल्लीतली माणसं पालिकेच्या दारात बसतील. आजीही येणार आहेत. माहिती अधिकाराचे अर्ज लिहून तयार आहेत, वकिलाशी बोलणं झालं आहे. जो पक्ष निवडणूक टाळेल, त्याला आमच्या वस्तीतून एकही मत मिळणार नाही, मग चिन्ह कोणतंही असो. पहिल्या सभेपासून पाच वर्षं, म्हणजे 2031 च्या सुरुवातीला, तुमची मुदत संपते. त्याआधी मतदान झालंच पाहिजे. एक दिवसही वाढवून मिळणार नाही.