सुईला भिणाऱ्यांचे लाड नव्हेत



त्वचेवर चिकटवायची लसपट्टी म्हणजे सुईला भिणाऱ्यांचे लाड, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे मला मुळीच पटले नाही. मी नंदुरबारच्या पाड्यांवर गोवर-रुबेलाची लस दिली आहे. एका कुपीत पाच बाळांची लस. द्रावक मिसळले की चार तासांत संपवायची, उरलेली टाकून द्यायची. समोर एकच बाळ असले की कुपी उघडताना हात थबकतो. पट्टीवरच्या बारीक काट्यांत एकाच बाळापुरती कोरडी लस असते, मिसळणे-भरणे काही नाही. खरा फायदा हा आहे!

राहिला परिणामाचा प्रश्न. गांबियात झालेल्या गोवर-रुबेला लसपट्टीच्या चाचणीचे निष्कर्ष 2024 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापले. पट्टी मनगटावर पाच मिनिटे ठेवली होती. नऊ-दहा महिन्यांच्या बाळांत पट्टीने 93 टक्के, तर इंजेक्शनने 90 टक्के बाळांत गोवराची प्रतिपिंडे तयार झाली. पट्टीच्या जागी त्वचा कडक होते, हे मान्य. चाचणीही लहानच होती. मोठ्या चाचण्या व्हायला हव्यात. पत्रलेखकाने त्यांचा आग्रह धरावा, पट्टीची हेटाळणी करू नये, ही कळकळीची विनंती.

— एक निवृत्त आरोग्यसेविका